संहितेतल्या रिकाम्या ओळी

नोव्हेंबरच्या मध्यावर एक संध्याकाळ अशी येते की माधुरी रिमोट उचलते आणि एसी बंद करते. एप्रिलपासून चाललेली घरघर थांबते. आपण इतके महिने कशात राहत होतो ते त्या क्षणी कळतं. मग हळूहळू आमची नईम वस्ती ऐकू यायला लागते. खालच्या मजल्यावरचा कुकर, समोरच्या इस्त्रीवाल्याचा रेडिओ, मशिदीतली अजान, कुणाच्या तरी बाल्कनीत ओढलेली खुर्ची. माधुरी खिडक्या उघडते आणि म्हणते, "चला, सुटलो." बहरीनमधला हा आमचा सण. कॅलेंडरात नसतो, पण चुकत नाही.

पूर्वी मला ती पहिली शांतता फार आवडायची. परवा एसी बंद झाला आणि मी चरकलो. हातातला कप तसाच राहिला. माधुरीनं माझ्याकडे पाहिलं. तिला माहीत होतं.

थंडी सुरू झाली की आमच्या नाटकांचा हंगाम सुरू होतो, आणि त्याचं कारण अगदी साधं आहे. आमची जागा म्हणजे मीना सलमान बंदरातलं एक जुनं गोदाम. पत्र्याचं छप्पर. उन्हाळ्यात आत पाऊल टाकणं म्हणजे जिवाशी खेळ. नोव्हेंबर ते फेब्रुवारी तेवढं तिथं माणसाला उभं राहता येतं. शेजारी बोटींचे सुटे भाग दुरुस्त करणारं वर्कशॉप, त्यामुळे नेपथ्याला कायम ग्रीसचा वास. बंदरावरून भोंगा वाजला की नटानं वाक्य थांबवायचं आणि भोंगा संपला की पुढे न्यायचं, हा तालमीतला पहिला धडा.

हा ग्रुप मिस लोरेटानं उभा केला. साठीतली कृष्णवर्णीय अमेरिकन बाई, इथल्या एका खाजगी शाळेत इंग्रजी शिकवायची. उंच, सावकाश चालणारी, आणि चष्म्याच्या वरून बघायला लागली की आपण पाचवीत आहोत असं वाटायला लावणारी. दर हंगामाला तीन नवी नाटुकली. विषय एकच, अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचं जगणं. लिहिणारे इथलेच. तिच्यासारखे शिक्षक, एखादी नर्स, इथल्या अमेरिकन आरमाराच्या तळावरच्या कुणाची बायको. गाजलेली जुनी नाटकं करू या असं कुणी म्हटलं की ती म्हणायची, "ती करायला तिकडे पुष्कळ लोक आहेत. इथं आपण अजून कुणी न सांगितलेलं सांगू." केशकर्तनालयातल्या गप्पांवर एक नाटक झालं, आईच्या मॅकरोनीच्या पाककृतीवरून भांडणाऱ्या दोन बहिणींवर एक. ते बघताना मला वाटलं होतं, या दोघी आमच्या कोथरूडातसुद्धा खपतील.

मी त्यांच्यात गेलो तो प्रॉम्प्टर म्हणून. सांगायला संकोच वाटतो, पण प्रॉम्प्टिंगचा मला गर्व होता. कॉलेजपासून पुण्यात स्पर्धेच्या नाटकांना विंगेत बसून मी नट तारलेले आहेत. नटाच्या मानेवरून मला कळायचं, याचं वाक्य गेलं. प्रेक्षकाला पत्ता लागू न देता शब्द नेमका नटाच्या कानात पडला पाहिजे, अशी आमची शिस्त. आणि प्रेक्षागृहात चिटपाखरू हलता कामा नये. खोकल्याची उबळ आली तर प्रेक्षक रुमाल तोंडात कोंबायचे. टाचणी पडली तरी ऐकू येईल असा प्रयोग झाला की आम्ही म्हणायचो, आज प्रयोग रंगला.

गेल्या हंगामातलं शेवटचं नाटुकलं लोरेटानं स्वतः लिहिलं होतं आणि स्वतःच करणार होती. एकपात्री. मार्चमध्ये तिचा शाळेतला करार संपत होता, मग ती कायमची जाणार होती. चर्चमध्ये एक आई उभी राहते आणि गेलेल्या मुलाबद्दल बोलते, एवढंच. मुलगा एकोणीस वर्षांचा. आईचे बूट दुरुस्तीला टाकलेले असतात, ते आणायला तो गाडी घेऊन जातो. परतीच्या वाटेवर पोलीस गाडी थांबवतात. तो घरी येत नाही. बूट येतात.

संहिता हातात आली तेव्हाच मला ती विचित्र वाटली. दर चार-सहा वाक्यांनंतर एक ओळ कोरी. काही ठिकाणी तर वाक्य अर्ध्यावर सोडून कोरी ओळ. टायपिंग कच्चं राहिलंय असं मी धरून चाललो. तालमीत लोरेटा त्या जागांवर येऊन थांबायची, समोरच्या रिकाम्या खुर्च्यांकडे बघत राहायची. मी विंगेतून तत्परतेनं पुढचं वाक्य द्यायचो. ती हात वर करायची. "माहितीये मला, मिस्टर साठे." मी घरी येऊन माधुरीला सांगायचो, वय झालंय बाईंचं, पाठांतर सुटतंय. आणि लाल पेन्सिलीनं त्या कोऱ्या ओळी बारीक आडव्या रेघांनी जोडून टाकायचो, म्हणजे ऐन वेळी माझी नजर अडखळायला नको.

एक जागा मात्र फारच अडचणीची होती. तिसऱ्या पानावर आई म्हणते, "मला एक मुलगा होता. त्याचं नाव..." आणि पुढे कोरी ओळ. त्यानंतर थेट बुटांची गोष्ट. अख्ख्या संहितेत मुलाचं नाव नाही. मी विचार केला, लेखिका नाव घालायला विसरली. प्रयोगात तिथं अडली तर मी काय देणार? म्हणून मी साध्या पेन्सिलीनं, दाबून, त्या जागी लिहिलं, 'जॉन'. अमेरिकन माणसाचं काहीतरी नाव हवं म्हणून सुचलं ते. तिला विचारलं नाही. आठ आठवडे मी त्या बाईच्या शेजारी तीन हातांवर बसत होतो.

लाईट्स मेश्राम बघायचे. हिद्दच्या एका कारखान्यात ते इलेक्ट्रिकल टेक्निशियन. मूळचे नागपूरचे, इंदोऱ्याकडचे. आमच्या मंडळाच्या गणपतीत ते मला कधी दिसले नव्हते आणि त्यांच्या चौदा एप्रिलच्या कार्यक्रमाला मी कधी फिरकलो नव्हतो. वीस वर्षं एकाच चिमुकल्या बेटावर राहून आमची ओळख झाली ती एका अमेरिकन बाईच्या गोदामात. ते मला साहेब म्हणायचे आणि मी मेश्राम म्हणायचो. हे असं का, याचा मी तेव्हा विचार केला नव्हता.

पहिला प्रयोग गुरुवारी संध्याकाळी सहाला होता. गोदाम भरलं. सूचना देण्याचं काम मी आपणहून घेतलं होतं. घरून पितळी घंटा नेली होती. तिसरी घंटा दिली आणि माइकवर पुण्यातल्या थाटात इंग्रजीतून सांगितलं की मोबाईल बंद ठेवावेत आणि प्रयोग संपेपर्यंत संपूर्ण शांतता राखावी. लोकांनी एकमेकांकडे पाहिलं. मला वाटलं, वचक बसला.

लोरेटा बूट हातात घेऊन आली. जुने, तपकिरी, टाचेला नवं चामडं लावलेले. ते ती स्वतःच आणायची आणि कुणाला हात लावू द्यायची नाही. पहिली चार वाक्यं झाली, ती थांबली, आणि पहिल्या रांगेतून पिवळा रुमाल डोक्याला बांधलेली एक बाई मोठ्यानं म्हणाली, "हो, सांग!" मागून एका पुरुषाचा आवाज आला, "अगदी!" मी थक्क झालो. भर प्रयोगात बोलतात म्हणजे काय. मी विंगेतून अर्धा बाहेर आलो आणि ओठांवर बोट ठेवून त्या बाईकडे पाहिलं. ती गोंधळली. पुढच्या जागी पुन्हा कुणीतरी "हं, मग?" म्हणालं. मी पुन्हा बाहेर आलो, या वेळी "शूऽऽ" म्हणालो. चांगलं ऐकू जाईल असं.

त्यानंतर कुणी बोललं नाही. टाचणी पडली तरी ऐकू आली असती. आणि मी, खरं सांगतो, समाधानानं मांडी घालून बसलो.

लोरेटाचा आवाज खाली जायला लागला. प्रत्येक कोऱ्या ओळीवर ती थांबायची, वाट बघायची, आणि तिचे खांदे थोडे खाली यायचे. तिसरं पान आलं. "मला एक मुलगा होता," ती म्हणाली. "त्याचं नाव..." ती थांबली. तिनं पहिल्या रांगेकडे पाहिलं, मग मागं. पिवळ्या रुमालाच्या बाईनं माझ्या विंगेकडे बघून ओठ मिटून घेतले. माझ्यातला प्रॉम्प्टर ताडकन जागा झाला. मी हलकेच म्हणालो, "जॉन." ती हलली नाही. ऐकू गेलं नसेल म्हणून मी जरा मोठ्यानं म्हणालो, "जॉन!"

तिनं मान वळवून माझ्याकडे पाहिलं. ती नजर मी कधी विसरणार नाही. राग नव्हता त्यात. घरात अनोळखी माणूस उभा दिसल्यावर कुणी बघेल तशी ती बघत होती. मग ती मागच्या खुर्चीत बसली, बूट मांडीवर घेतले आणि बोललीच नाही. संहितेची चार पानं शिल्लक होती. मेश्रामनी थोडा वेळ वाट पाहिली आणि प्रकाश सावकाश काढून घेतला. अंधारात काही लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी संहिता मिटली.

मेकअप रूममध्ये ती बूट कापडी पिशवीत ठेवत होती. मी म्हणालो, सॉरी, काय झालं मला कळलं नाही, तुम्ही वाक्य विसरलात म्हणून मी आपलं एक नाव... तिनं मला वाक्य पुरं करू दिलं. मग शाळेतल्यासारख्या स्वच्छ इंग्रजीत म्हणाली, "माझ्या मुलाला तुम्ही नाव दिलंत, मिस्टर साठे. ते काम मी आधीच केलं होतं."

माझ्या मुलाला. मी दारातून बाजूला झालो. ती माझ्या शेजारून निघून गेली.

गाडीत बसल्यावर माधुरीनं पट्टा लावला. मग म्हणाली, "तू लोकांना गप्प का केलंस?" मी म्हटलं, नाटकात बोलतात का कुणी? ती म्हणाली, "ती बाई बोलायला लागली की लोक हं म्हणत होते. किती बरं वाटत होतं ऐकायला. मी पंचवीस वर्षं तुला विचारतेय, ऐकतोयस ना? तू कधी हं म्हणत नाहीस. म्हणतोस, ऐकतोय म्हणून तर गप्प आहे." मी तेव्हाही हं म्हणालो नाही, आणि त्याचीसुद्धा लाज वाटली.

शुक्रवारी सकाळी मी गोदामात गेलो. मेश्राम शिडीवर चढून दिवा बदलत होते. मला बघून खाली आले, थर्मासमधला करक, म्हणजे इथला दाट वेलचीचा चहा, कागदी कपात ओतून माझ्या हातात दिला. मी विचारलं, "मेश्राम, तुम्हाला माहीत होतं? ते खरं आहे, तिचाच मुलगा, हे?"

"हो ना."

"कसं?"

"कसं म्हणजे? विचारलं. बाई इतकं लिहून राहिली तर माणूस विचारणार नाही का? दुसऱ्याच तालमीला विचारलं, मॅडम, युवर सन? म्हणे, येस." ते कप हातात फिरवत राहिले. "मी म्हटलं, नाव काय होतं पोराचं? तर म्हणे, ते स्टेजवर विचारा. कोणीतरी विचारल्याबिगर मला सांगता येत नाही. तिच्या चर्चमध्ये तसंच असते म्हणे. एक जण उभा राहून बोलते, बाकीचे त्याले धरून ठेवतात. कोऱ्या ओळी पब्लिकच्या आहेत, साहेब."

मी म्हणालो, "मग काल तुम्ही का नाही विचारलं?"

"विचारतच होतो. तोंड उघडलं होतं. तुम्ही मधातच जॉन म्हणून टाकलं."

शेजारच्या वर्कशॉपमध्ये कुणीतरी ग्राइंडर सुरू केला. मेश्राम तो थांबेपर्यंत थांबले, सवयीनं. मग म्हणाले, "आमच्या वस्तीत गाण्याच्या पार्ट्या यायच्या. कव्वाल एक ओळ म्हणे अन् थांबे. पब्लिकनं उचलली तर पुढं जाई. नाही उचलली तर पेटी बंद करून विचारे, झोपले का बाप्पा सारे? गप्प बसणं म्हणजे अपमान होय तो. तुमच्या इकडे उलटं असते, ते मले इथंच समजलं."

मला एकदम आई आठवली. खडकीच्या क्वार्टरमध्ये दुपारी लसूण सोलत बसायची आणि मला गोष्ट सांगायची. मी ऐकता ऐकता गप्प झालो की तिचे हात थांबायचे. "हूं म्हण रे. हुंकार दिला नाहीस तर मी भिंतीला सांगतेय का?" मी हूं म्हणायचो आणि गोष्ट पुढं सरकायची. म्हणजे मला हे येत होतं. पुढे कधीतरी मी एका अंधाऱ्या प्रेक्षागृहात जाऊन बसलो आणि ते विसरण्याला रसिकता म्हणायला शिकलो. चहा गार झाला तरी मी तसाच उभा होतो.

"आज तुम्ही विचाराल ना?" मी म्हणालो.

मेश्रामनी मान हलवली. "नाही. जॉन तुम्ही म्हटलं. विचारायचंही तुम्हीच."

त्या संध्याकाळी मी घंटा वाजवली नाही, सूचना दिली नाही. पण बातमी पसरली असावी. लोक शहाण्यासारखे हाताची घडी घालून बसले होते. पिवळ्या रुमालाची बाई पुन्हा आली होती, या वेळी तिसऱ्या रांगेत. लोरेटा येईल की नाही याची मला खात्री नव्हती. ती आली. माझ्याकडे न बघता विंगेतून गेली, बूट घेऊन. पहिलं पान, दुसरं पान. कोऱ्या ओळी कोऱ्याच गेल्या. माझ्या हातातली संहिता घामानं ओली झाली होती, जानेवारीच्या थंडीत.

"मला एक मुलगा होता. त्याचं नाव..."

मी तोंड उघडलं. आवाज आला तो प्रॉम्प्टरचा, तीन हातांवर विरून जाणारा. तीस वर्षं घशाला तेवढंच शिकवलेलं. लोरेटानं मान वळवली. सगळ्या गोदामादेखत चष्म्याच्या वरून माझ्याकडे बघून म्हणाली, "मोठ्यानं, मिस्टर साठे."

मी उठून उभा राहिलो. विंगेतून बाहेर, दिव्याच्या उजेडात. इंग्रजी कुठल्या कुठे गेलं. "नाव काय होतं त्याचं?" मी मराठीत ओरडलो. खरोखर ओरडलो. "सांगा ना बाई, काय नाव होतं?"

तिनं नाव सांगितलं. आधी हळू. मग मागून मेश्राम मोठ्यानं "हं!" म्हणाले, तेव्हा तिनं पुन्हा सांगितलं, पूर्ण, आडनावासकट. पिवळ्या रुमालाची बाई उभी राहिली. तिनं ते नाव उच्चारलं, मग तिच्या शेजारच्यांनी, मग मागच्यांनी. माधुरीचा आवाजही मला त्यात ओळखू आला. लोरेटानं बूट छातीशी धरले आणि उरलेली पानं सांगितली, थांबत, वाट बघत, आणि प्रत्येक वेळी कुणीतरी तिथं होतं. मी उजेडातच उभा राहिलो. मला कुणी आत जा म्हणालं नाही आणि मला सुचलंही नाही.

ते नाव मी इथं लिहीत नाही. ते मला विचारल्यावर मिळालं होतं.

मार्चमध्ये आम्ही तिला विमानतळावर सोडायला गेलो. मेश्राम तिची बॅग ढकलत होते. ती म्हणाली, "खलास, मिस्टर साठे," इथल्या अरबीत म्हणतात तसं, झालं, संपलं, आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. आत जाताना तिनं वळून पाहिलं नाही. कापडी पिशवी तिच्या खांद्याला होती.

या हंगामात ते नाटुकलं पुन्हा होणार आहे. केनियाची एक नर्स करतेय. लोरेटानं परवानगी कळवताना एकच अट घातली, की तिसऱ्या पानावर त्या बाईनं स्वतःच्या गेलेल्या माणसाचं नाव सांगायचं आणि ते आधी कुणाला सांगायचं नाही. तालमी शनिवारपासून. म्हणून परवा, एसी बंद झाल्यावर, मी कपाटातून संहिता काढली. मेश्राम आले होते. आता ते मला साठेभाऊ म्हणतात. माधुरी स्वयंपाकघरातून तिच्या ऑफिसातलं काही सांगत होती आणि मी हं म्हणत होतो, जरा जास्तच वेळा, त्यामुळे ती हसली.

लाल रेघा खोडरबरनं पुसता पुसता मी तिसऱ्या पानावर आलो आणि 'जॉन' पुसलं. चांगलं घासून पुसलं. पान मेश्रामांकडे दिलं. त्यांनी ते दिव्याखाली धरलं आणि म्हणाले, "गेलं." मी परत घेऊन त्या ओळीवर बोट फिरवलं. पेन्सिल दाबून चालवली होती मी. अक्षरं दिसत नाहीत, पण बोटाला अजून लागतात.